केनियाला जाण्यापूर्वीची लस आणि औषधे : एका सरकारी केंद्राचा आणि एका खासगी दवाखान्याचा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही केनियातील मासाई मारा हे अभयारण्य पाहून आलो. जाण्यापूर्वी लसी आणि औषधांसाठी आम्हाला दोन ठिकाणी जावे लागले. एक होते मुंबईतील सरकारी पीतज्वर (यलो फीव्हर) लसीकरण केंद्र, आणि दुसरा ठाण्यातील एक खासगी दवाखाना, जिथे परदेशी जाणाऱ्यांना आरोग्याचा सल्ला दिला जातो. आमच्या ओळखीतील तीन-चार कुटुंबे यंदा आफ्रिकेच्या तयारीत आहेत आणि प्रत्येक जण फोन करून एवढेच विचारतो, की ते यलो फीव्हरचे कार्ड कुठे मिळते. कार्ड मिळणे अवघड नाही. पण त्या केंद्रात सुई टोचण्याआधी जी विचारपूस होते, ती मला त्या सेवेचा गाभा वाटली आणि तिच्यामुळेच आमच्या घरातील एका माणसावरचे मोठे संकट टळले. म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

सहल आम्ही एका सहल कंपनीमार्फत ठरवली होती. पैसे भरल्यावर त्यांच्याकडून जी यादी आली, तिच्यात कपडे, दुर्बीण, डॉलर आणि केनियाच्या ऑनलाइन प्रवास-परवानगीची सविस्तर माहिती होती. आरोग्याबद्दल मात्र ‘यलो फीव्हर कार्ड आवश्यक’ एवढी एकच ओळ होती. फोन केला तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले, की निघण्याच्या आठवडाभर आधी लस घेतली तरी चालते, आणि वर असेही सुचवले, की घरातल्या ज्येष्ठांना हेलपाटा नको असेल तर ‘कार्डाचं आम्ही बघतो’. यातली पहिली माहिती चुकीची होती, कारण या लसीचे प्रमाणपत्र, म्हणजेच हे कार्ड, लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होते, त्याआधी नाही. दुसरी सूचना ऐकून मला खरोखर संताप आला. लस न घेता मिळणारे कार्ड म्हणजे खोटा सरकारी दस्तऐवज, आणि ज्याच्या हातात ते ठेवले जाते त्याच्या शरीरात रोगाविरुद्ध कसलेही संरक्षण नसते. सत्तरीकडे झुकलेल्या माणसांना अशी सोय सहजपणे सुचवली जाते, याचे मला आजही वाईट वाटते.

मुळात हे कार्ड मागतो कोण, हे समजून घेतले पाहिजे. माझी समजूत अशी होती, की केनियात उतरताना ते दाखवावे लागते. प्रत्यक्षात केनिया हे प्रमाणपत्र मागतो ते पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, आणि भारत त्या देशांत मोडत नाही. काटेकोर तपासणी करतो तो आपलाच देश, आणि तीही परत येताना. पीतज्वराच्या देशातून (केनिया त्यांतलाच) निघून सहा दिवसांच्या आत जो प्रवासी वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरतो, त्याला उरलेल्या दिवसांसाठी, जास्तीत जास्त सहा दिवस, विलगीकरणात ठेवले जाते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस लागतात, त्यावरून ही मुदत आली आहे.

हा नियम मला पूर्वी जाच वाटत असे, आता वाटत नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्याकडे घरोघरी आहे; डेंगी पसरवतो तोच हा. कुंड्यांखालच्या ताटल्यांत, गच्चीवरच्या टायरांत, झाकण नसलेल्या पिंपांत तो वाढतो. डास आहे, दाट वस्ती आहे, आणि लोकांना या रोगाची लस दिलेली नाही; नाही तो फक्त विषाणू. तो आत येऊ नये एवढीच आपली तटबंदी आहे. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ आली, तेव्हा तिथून परतलेल्या ११ जणांबरोबर हा रोग चीनमध्ये पोहोचला होता आणि आशियात पीतज्वराचे रुग्ण आढळण्याची ती पहिलीच नोंद होती. सुदैवाने तो पुढे पसरला नाही. या रोगावर थेट लागू पडणारे औषध आजही नाही, आणि ज्यांना त्याचा गंभीर टप्पा गाठतो, कावीळ आणि रक्तस्राव सुरू होतो, त्यांच्यापैकी जवळपास निम्मे दगावतात. त्या सहल कंपनीतल्या माणसाला हे ठाऊक असते, तर ‘कार्डाचं आम्ही बघतो’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते असे मला वाटते.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ठरवून दिलेल्या केंद्रांतच ती घ्यावी लागते आणि त्या केंद्रांची यादी मंत्रालय प्रसिद्ध करते. गोव्यातील वाचकांसाठी मुरगावचे बंदर आरोग्य कार्यालय आहे. आम्ही गेलो त्या केंद्रात आधी वेळ ठरवून जावे लागते आणि लसीकरण रोज होत नाही. सुरुवातीला याची चीड आली होती, पण कारण कळल्यावर ती गेली. लस पावडरीच्या रूपात येते, एका कुपीत अनेक मात्रा असतात, आणि द्रावण घालून ती एकदा तयार केली की सहा तासांच्या आत वापरावी लागते, नंतर उरलेली टाकून द्यावी लागते. दोनच माणसे आली आणि कुपी फोडली, तर बाकीच्या मात्रा वाया. त्यामुळे माणसे एकत्र बोलावूनच लसीकरण करतात. आम्हाला १५ जुलैची वेळ मिळाली, निघायचे होते १२ ऑगस्टला. या मधल्या चार आठवड्यांचा आम्हाला पुढे फार उपयोग झाला, आणि माझा स्पष्ट सल्ला आहे, की निघण्याच्या दिवसापासून मागे मोजत किमान सहा आठवडे आधी या कामाला लागावे.

त्या दिवशी आम्ही सहा जण गेलो होतो : मी, माझे पती, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि माझे सासू-सासरे. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि आतल्या बाकांवर निम्मी माणसे ओल्या छत्र्या पायाशी ठेवून बसलेली होती. जहाजावर चाललेली तरुण मुले बरीच होती, नायजेरियाला कामासाठी निघालेले दोघे-तिघे होते, आणि आमच्यासारखे हौशी प्रवासी. टोकन घेऊन अर्ज भरला. अर्जावर प्रश्न नेहमीचेच होते आणि आम्हीही ते नेहमीप्रमाणे भराभर भरले. सासऱ्यांच्या अर्जात पतींनी ‘आजार : संधिवात’, ‘औषध : गोळ्या’ एवढेच लिहिले होते.

आतल्या खोलीत एक मध्यमवयीन डॉक्टर बाई होत्या. बाहेर चाळीस-पन्नास माणसे खोळंबलेली असतानाही त्या अर्ज नुसता चाळून सही करत नव्हत्या, प्रत्येकाला समोर बसवून विचारत होत्या. गेल्या महिन्याभरात दुसरी कुठली लस घेतली आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. आमच्या मुलीला कांजिण्यांच्या लसीची दुसरी मात्रा पाच आठवड्यांपूर्वी दिली होती. पीतज्वराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूपासून बनते, कांजिण्यांची आणि गोवराचीही तशीच असते, आणि अशा दोन लसी एक तर एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये निदान चार आठवडे जाऊ द्यावेत, असे त्यांनी सांगितले. आमचे पाच आठवडे झालेले होते म्हणून निभावले. मुलांच्या लसींची फाइल बरोबर नेली होती म्हणूनच तारीख सांगता आली.

दुसरा प्रश्न अंड्याचा होता. ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवतात, त्यामुळे अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती देत नाहीत. आमच्या घरी अंडे येत नाही, म्हणून सासूबाईंनी लगेच सांगितले, “आम्ही अंडं खातच नाही, मग अ‍ॅलर्जी कुठून असणार?” त्यावर डॉक्टर बाईंनी विचारले, “आजी, नातवाच्या वाढदिवसाचा केक खाता ना? खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, दम लागणं, असं कधी झालंय?” सासूबाई विचारात पडल्या आणि मग नाही म्हणाल्या. शाकाहारी घरांसाठी हा प्रश्न असाच विचारायला हवा, हे मला तेव्हा लक्षात आले.

मग सासऱ्यांची पाळी आली. “काका, संधिवाताच्या गोळ्या कोणत्या?” नाव त्यांना आठवेना. “पिवळी आहे, बारीक. फक्त रविवारी घ्यायची,” असे ते म्हणाले. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवले आणि आमच्याकडे वळून विचारले, “मेथोट्रेक्सेट का?” पतींनी फोनमध्ये औषधाच्या चिठ्ठीचा फोटो शोधून काढला. तेच होते, आठवड्यातून एकदा, आणि इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. “मग काकांना लस देता येणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.

सासऱ्यांचा चेहरा मला अजून दिसतो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर इतक्या वर्षांनी, सिंह मोकळ्यावर बघायचा म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशांतून आपला आणि सासूबाईंचा खर्च भरला होता. “घेऊन टाकतो, जे होईल ते होईल,” असे ते म्हणाले. मग डॉक्टर बाईंनी त्यांना जे समजावून सांगितले ते त्यांच्याच भाषेत होते. सांध्यांना सूज आणणारी शरीराची जी प्रतिकारशक्ती आहे, तिलाच ही गोळी दाबून ठेवते. लसीतला विषाणू दुबळा असला तरी जिवंत आहे, आणि त्याला आवरायला तीच प्रतिकारशक्ती लागते. ती दबलेली असताना लस दिली, तर ज्या रोगापासून वाचायचे तसाच रोग लसीतून होण्याची भीती असते. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत असा गंभीर परिणाम होण्याचा धोका एरवीही थोडा वाढतो. तो लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा असला, तरी या गोळीबरोबर तो पत्करण्याचे कारणच नाही. प्रवासासाठी गोळी बंद करावी का, असे पतींनी विचारले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. तो निर्णय संधिवाताच्या डॉक्टरांचा आहे आणि सहलीसाठी असे औषध कुणी थांबवू नये, असे म्हणाल्या.

लसीचे प्रमाणपत्र, म्हणजे ते ‘कार्ड’, एका पिवळ्या पुस्तिकेच्या रूपात मिळते, आणि तिच्यात वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही असे नमूद करण्याचीही सोय असते. तशी नोंद घेऊन जाता येईल, पण तिने परतल्यावरचे विलगीकरण टळेलच याची खात्री देता येत नाही, आणि मुख्य म्हणजे कागदावरची नोंद डासाला थांबवत नाही, हेही त्यांनी लपवले नाही. सासूबाईंना औषध कसलेच नव्हते, वय त्रेसष्ट. त्यांना लस देता आली असती, धोका-फायदा सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवला गेला होता, पण सासरे येणार नाहीत म्हटल्यावर त्यांनीही न जायचे ठरवले. दोघांच्या नोंदणीचे पैसे सहल कंपनीने परत दिले नाहीत. त्याचे दुःख आहेच. पण नोंदणी करतानाच ‘घरात साठीपुढचे कुणी आहे का, कुणाला प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारे औषध चालू आहे का’ एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर ते पैसे भरलेच गेले नसते. आणि त्या माणसाच्या सूचनेप्रमाणे कार्ड घरपोच आले असते, तर सासरे कसल्याही संरक्षणाशिवाय जंगलात फिरले असते, हा विचार तर मी करूच शकत नाही.

लस घेणे हे त्या मानाने दोन मिनिटांचे काम. सिस्टरांनी बर्फाच्या डब्यातून कुपी काढली, हातात हलकेच फिरवली, आणि दंडाच्या वरच्या भागात त्वचेखाली अर्धा मिलिलिटर लस टोचली. मुलगी डोळे मिटून बसली होती, तिला झालेसुद्धा कळले नाही. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबवून ठेवतात, आणि हा अर्धा तास कुणी टाळू नये, कारण क्वचित येणारी तीव्र अ‍ॅलर्जी याच वेळात दिसते आणि तेव्हा माणूस डॉक्टरांच्या नजरेसमोर असावा लागतो. पाचव्या दिवशी पतींना अंगदुखी आणि किंचित ताप आला, तो दीड दिवसात गेला. बाकी तिघांना काहीच त्रास झाला नाही.

पुस्तिका भरून देणाऱ्या कारकुनाचे काम मला विशेष आवडले. माझ्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे. अर्जात मी सवयीने सासरचे लिहिले होते. त्यांनी पासपोर्ट उघडून ते खोडले, पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे लिहिले, आणि मग पासपोर्टचा क्रमांक एकेक अंक मोठ्याने वाचत दोनदा तपासला. “ताई, विमानतळावर हे पुस्तक आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघतात, एक अक्षर वेगळं असलं तरी अडवतात,” असे म्हणाले. लसीचा उत्पादक, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का आणि वैधता सुरू होण्याची तारीख २५ जुलै, इतक्या नोंदी प्रत्येक पुस्तिकेत होत्या. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या सगळ्या स्त्रियांनी हे ध्यानात ठेवावे. पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षेच चालत असे. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध धरले जाते, आणि हा बदल जुन्या प्रमाणपत्रांनाही लागू आहे. त्यामुळे कपाटात जुनी पुस्तिका असेल तर पुन्हा लस घेण्याआधी ती शोधावी.

आता उणिवा. केंद्राचा फोन आठवडाभर कुणी उचलला नाही, त्यामुळे मूळ पासपोर्ट लागतो की झेरॉक्स चालते एवढे विचारण्यासाठीही कुणी भेटेना. आमच्या समोर एक जण केवळ झेरॉक्स आणली म्हणून मिरजेपर्यंत परत गेला. भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत आणि हिंदीत होत्या, मराठीत एकही नव्हती. बाकांची संख्या कमी आणि स्वच्छतागृहाची अवस्था वाईट. या गोष्टी मी सोसायला तयार आहे. पण एक त्रुटी मला गंभीर वाटते : तिथे मलेरियाबद्दल कुणी एक शब्द बोलले नाही. पीतज्वराची लस देणे एवढेच त्या केंद्राचे काम असेल, हे मान्य आहे. तरीही आफ्रिकेला निघालेला माणूस समोर बसलेला असताना, ज्या रोगाची लागण होण्याची शक्यता त्याला कितीतरी अधिक आहे, त्याबद्दल त्याच्या हातात मराठीतील एक पानभर माहिती ठेवायला काय लागते? बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांची ठाम समजूत होती, की ‘आफ्रिकेची लस’ घेतली म्हणजे मलेरियापासूनही सुटका झाली. ते तसेच विमानात बसले असणार.

मला मलेरियाचे सुचले ते माझी आत्येबहीण परिचारिका आहे म्हणून. तिच्या सांगण्यावरून आम्ही ठाण्याच्या त्या खासगी दवाखान्यात गेलो. तिथे तपासणीचे शुल्क बरेच आहे, आणि लसींचे पैसे धरून चौघांचा खर्च पाच आकडी झाला, हे आधीच सांगून ठेवते. त्या बदल्यात तिथल्या डॉक्टरांनी आमच्यासाठी पाऊण तास दिला. त्यांनी प्रथम प्रवासाचा दिवसवार आराखडा मागितला, कारण धोका देशाच्या नावावर नव्हे, मुक्कामाच्या जागेवर ठरतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे मलेरिया अगदी कमी; मारात, नाइवाशाच्या तळ्याकाठी आणि किनाऱ्याकडे मात्र सावध राहायला हवे.

त्यांचे एक वाक्य आम्हा भारतीयांना फार लागू आहे. आपण मलेरिया पाहत मोठे झालो, म्हणून आपल्याला तो ‘चालतो’ असे आपण धरून चालतो. मुंबईत बहुतेकांनी पाहिलेला मलेरिया हा व्हायव्हॅक्स जातीचा, थंडी वाजून ताप येणारा आणि बहुधा बरा होणारा. आफ्रिकेत प्राबल्य आहे ते फाल्सिपेरमचे, जो वेळेत उपचार न मिळाल्यास मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत जातो आणि दोन-चार दिवसांत माणूस गमावतो. क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाला तो दाद देत नाही. त्यामुळे घरात पडून असलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या बरोबर नेऊन काही उपयोग नाही.

मलेरिया होऊ नये म्हणून आम्हाला अ‍ॅटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल या गोळ्या लिहून दिल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू, तिथे रोज एक, आणि परतल्यावर सात दिवस. मुलीची मात्रा तिच्या वजनावरून. दुसरा पर्याय डॉक्सिसायक्लिनचा होता, तो पुष्कळ स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावा लागतो आणि उन्हात त्वचा भाजते. उघड्या जीपमधून दिवसभर फिरायचे असल्याने आम्ही तो टाळला. आमचे औषध जवळच्या दोन मेडिकलवाल्यांकडे नव्हते, मागवून घ्यायला चार दिवस लागले. ते जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावे लागते. रिकाम्या पोटी घेतलेल्या एका सकाळी मुलाला उलटी झाली, त्यानंतर आम्ही तो नियम मोडला नाही.

लसींच्या बाबतीत या डॉक्टरांनी भारंभार काही माथी मारले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. मुलांना हिपॅटायटिस ए या काविळीची लस दिली. आम्हा दोघांना आधी रक्त तपासायला सांगितले, कारण आमच्या पिढीतल्या पुष्कळांना लहानपणी नकळत तो संसर्ग होऊन गेलेला असतो. तसेच निघाले आणि आमचे चार पैसे वाचले. टायफॉइडची लस चौघांना दिली, धनुर्वाताची मात्रा फक्त मला आणि पतींना. मेंदुज्वराची लस आमच्या मार्गावर आवश्यक नाही, ती मुख्यतः सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यासाठी आणि हज यात्रेकरूंसाठी, असे सांगून त्यांनी विषय संपवला. रेबीजबद्दल मात्र मुलांना जवळ घेऊन बोलले : माकड असो की कुत्र्याचे पिल्लू, हात लावायचा नाही, आणि ओरखडा निघाला तर लपवायचे नाही.

एक गमतीदार वाटणारी सूचना फार खरी ठरली. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, तिथली चावणारी त्से-त्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते, असे त्यांनी सांगितले होते. मुलाने हट्टाने निळी जीन्स नेली. मारातल्या दुसऱ्याच दुपारी झुडपांतून जीप जात असताना चार-पाच माश्या नेमक्या त्याच्या मांडीवर येऊन बसल्या, आणि वाहनचालकानेही हसून तेच कारण सांगितले. जीन्सच्या कापडातूनही चावल्याचा ठळक वळ उठला होता. बाकीचे आम्ही मळखाऊ खाकीत सुखरूप होतो. संध्याकाळी डीट हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम, लांब बाह्या आणि पलंगावरची मच्छरदाणी, हे आम्ही आठही दिवस पाळले.

परतताना मुंबई विमानतळावर, इमिग्रेशनच्या आधीच, आरोग्य विभागाच्या टेबलापाशी चौघांच्या पुस्तिका उघडून पाहिल्या गेल्या. कारकुनाने सांगितले होते तसेच झाले : पासपोर्ट आणि पुस्तिका शेजारी ठेवून नाव, क्रमांक आणि तारीख जुळवली. आमचे काम मिनिटभरात झाले. आमच्याच विमानातील एका जोडप्याला बाजूला बसवून ठेवले होते. त्यांनी लस निघण्याच्या तीन दिवस आधी घेतली होती आणि पाच दिवसांत परतले होते, म्हणजे प्रमाणपत्र अजून वैधच झालेले नव्हते. त्यांना तशी माहिती कुणी दिली असेल, याचा अंदाज मला करता आला.

खासगी दवाखान्याच्या फाइलच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांनी हाताने मराठीत लिहिले होते : ‘परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आफ्रिकेहून आलो.’ अकराव्या दिवशी मुलाला एकशे दोन ताप भरला. ऑगस्टचा शेवट, शाळेत निम्मा वर्ग तापाने झोपलेला, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दाराशी रांग. त्यांनी जीभ पाहिली, व्हायरल म्हणून गोळ्या लिहायला घेतल्या, आणि मी ते वाक्य उच्चारले. त्यांनी लिहिणे थांबवले. औषधे चुकली होती का, विचारले. उलटी झाली तो एक दिवस मी सांगितला. अर्ध्या तासात रक्त गेले, संध्याकाळी अहवाल आला, त्यात जंतू नव्हते. तरीही त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त घ्यायला लावले, कारण एका नमुन्यात जंतू न दिसणे पुरेसे नसते. दुसरा अहवालही स्वच्छ आला आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरला. केसपेपरवर त्यांनी वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘केनिया, ऑगस्ट’ असे लिहून ठेवले आहे, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत मुलाला साधी कणकण आली तरी फोन करायचा, असे मला बजावले.